नऊ नंबरचं कार्ड

मंदाताईंच्या तेरवीची पत्रिका हातात आली, तेव्हा वाचण्याआधी मी ती उलटी करून पाहिली. पाठ कोरी होती. जाडसर, सहज न वाकणारा, एकाच बाजूने छापलेला कागद. असा कागद त्यांनी कधी कोणाला टाकू दिला नाही. रिसोडच्या त्यांच्या दुकानात लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांचे गठ्ठे असत. त्यांच्या पाठीवर त्यांनी माझ्याकडून जे लिहून घेतलं, त्यावर आमच्या भागातल्या मुलींच्या कबड्डीचं थेट प्रक्षेपण चालत होतं. अजूनही चालतं.

पत्रिका मी परत सुलटी केली. फोटोत त्या समोर पाहत नाहीत, जराशा बाजूला पाहतात. स्वतःवर कॅमेरा आला की त्या त्याच्या बॅटरीचा दिवा शोधायच्या, म्हणून त्यांचे सगळेच फोटो असे आहेत.

त्या गेल्याचं अश्विनीने फोनवर सांगितलं होतं. "बाई, ताई गेल्या." ते ऐकून माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की आज सामना कुठे आहे? हा विचार मला कसा सुचला हे मंदाताईंना ओळखणाऱ्यालाच कळेल. बाकीच्यांसाठी थोडं मागून सांगावं लागेल. लिहायला वेळ लागतो आहे. रडू येतं त्याच माणसाचा राग अजून गेलेला नाही, आणि दोन्ही एका ओळीत बसत नाहीत.

मी तेव्हा रिसोडच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते. मंदाताईंचं दुकान बाजाराच्या रस्त्यावर, दोन कृषी केंद्रांच्या मधे दबलेलं. पाटीवर त्यांच्या नवऱ्याचं नाव होतं. तो लग्नाचं शूटिंग करायचा. त्याला अर्धांगवायू झाला, तेव्हा ठरलेली लग्नं अंगावर होती, म्हणून मंदाताईंनी पदर कमरेला खोचून कॅमेरा खांद्यावर घेतला. तो पुढे कधी उतरला नाही. ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या, चालताना अंगठ्यांवर भार देणाऱ्या. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या, म्हणजे दोन्ही हातांनी कॅमेरा धरला तरी वेळ दिसते. भेटल्यावर कोणाला "कसे आहात" विचारायच्या नाहीत. "चार्जिंग हाये का?" हाच त्यांचा रामराम. आमचे प्राचार्य पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनाही हेच विचारलं, आणि प्राचार्यांनी घाईने खिशातून फोन काढून आकडा सांगितला.

मुलींचा कबड्डीचा सामना मोबाईलवर थेट दाखवायचा, ही हौस आमच्या महाविद्यालयाची. काम मंदाताईंकडे आलं ते लग्नसराई संपली होती म्हणून. त्यांनी शहरातून एक ऑपरेटर बोलावला, कॅमेऱ्यांच्या चित्रांतलं कोणतं लोकांना दिसावं हे ठरवणारं मिक्सरचं यंत्र भाड्याने आणलं, आणि स्वतः एक कॅमेरा घेऊन उभ्या राहिल्या. मध्यंतरात ऑपरेटरला हळदीच्या कार्यक्रमाचा फोन आला आणि तो यंत्र तसंच सोडून निघून गेला. नंतरचा सगळा सामना लोकांनी पाहिला तो असा: पंचाचे बूट. आवाज टेबलाजवळच्या दोन प्राध्यापकांचा, तुरीला काय भाव चाललाय याचा.

आम्ही पुष्कळ हसलो. मंदाताईही हसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना फोन आला तो शारदाच्या आईचा. शारदा आमच्या संघातली, आईवडील ऊस तोडायला सांगलीकडे गेलेले.

"ताई, माही पोट्टी खेळली का वो?"

"खेळली न माय. सात पॉइंट काढले तिनं."

"असं का. मले त बूटच दिसून राह्यले होते." आणि पुढे, "मुकादमाले सांगून बसली होती मी. फडातल्या साऱ्या बाया बसल्या होत्या पाहाले. मी म्हनलं, दिसंन आता, दिसंन आता."

हा फोन मंदाताईंनी मला जितक्यांदा सांगितला, तितक्यांदा "दिसंन आता" पाशी त्या थांबायच्या. हसायच्या नाहीत. त्या स्वतः दहावीपर्यंत कबड्डी खेळल्या होत्या, चढाईला. एकदाच म्हणाल्या, "माह्या मायनं मले खेळताना कधी पाह्यलंच नाई बाई. तिले वाटे, पोरगी धुळीत लोळून येते." फोन आला त्याच दिवशी त्यांनी शारदाला दुकानात बोलावलं, कॅमेऱ्यासमोर उभं केलं, नाव-गाव सांगायला लावलं आणि ते सांगलीला पाठवून दिलं. मग ग्रंथालयात आल्या. वाचनकक्षात चपला बाहेर काढून आलेलं एवढं एकच माणूस मला आठवतं.

"बाई, तुमाले सोपं लिहिता येते का?"

मी म्हणाले, येतं. सतरा वर्षं पुस्तकांत काढलेल्या माणसाला हा प्रश्न जरा लागलाच.

मी पहिलं कार्ड लिहिलं, मिक्सर सुरू करण्याचं. चांगल्या वळणाच्या अक्षरात अकरा ओळी. मंदाताईंनी ते वाचलं आणि मलाच यंत्रासमोर बसवलं. "करा." तिसऱ्या ओळीपाशी मी अडकले. मी लिहिलं होतं, 'संबंधित जोडणी तपासून घ्यावी'. समोर सहा वायरी होत्या. मी ओशाळून म्हणाले, मला यातलं काही कळत नाही, माझंच चुकलं.

"तुमचं काय चुकलं? चुकलं त कार्ड चुकलं." त्यांनी पत्रिका टराटरा फाडली. मागच्या वधूवरांसकट. "मानूस चुकत नसते बाई. जिले काईच येत नाई तिच्या हातून झालं पाह्यजे. लिहा पुन्हा."

आठ पत्रिका फाटल्या तेव्हा पहिलं कार्ड झालं. चार ओळी. वायरींचा प्रश्न त्यांनी बांगड्यांनी सोडवला. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना आणि यंत्रावरच्या तिच्या जागेला एकाच रंगाची प्लास्टिकची बांगडी. लाल बांगडीची वायर लाल बांगडीपाशी लावायची, हिरवी हिरवीपाशी. जत्रेतल्या कासाराकडून त्यांनी डझनभर रंग आणले. तो म्हणाला, ताई, एका हातात एवढे रंग घालता? त्या म्हणाल्या, हात लय हायेत मले.

खरोखरच झाले. ऑपरेटर त्यांनी पुन्हा बोलावला नाही. संघात न निवडलेल्या, दुखापतीने बसलेल्या, नुसत्या पाहायला येणाऱ्या मुली त्यांनी गोळा केल्या. चौदा कार्डं झाली आणि एका लोखंडी कडीत ओवली गेली. एक संच त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. पहिलं कार्ड मग बदललं. यंत्र सुरू करण्याचं दुसरं झालं, आणि पहिलं असं: 'सामना सुरू होण्याआधी प्रत्येक मुलगी दाखवा. नाव, गाव, आईचं नाव. पाच मोजेपर्यंत कॅमेरा हलवू नका.' एका प्राध्यापकांनी विचारलं, आईचं काहून? मंदाताई म्हणाल्या, "बापाचं त फॉर्मवर असतेच न सर."

एखादा सामना चांगला झाला म्हणून मुली नाचू लागल्या, की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं. "एकदा झालं त नशीब. पुन्हा झालं त काम." शाबासकी त्यांना देता यायची नाही. "पुन्हा करून दाखव," म्हणजे शाबासकी, हे मुलींना कळायला वर्ष लागलं.

आणि त्यांचं मरणं. आमच्या वाशिमकडच्या मालेगावच्या एका सामन्याला सगळी मांडामांड झाली, दोन्ही संघ मैदानात आले, आणि मंदाताईंनी गळ्यातला कानफोन काढून अश्विनीच्या हातात दिला. अश्विनी तेव्हा मिक्सरवर नवीन होती. म्हणाल्या, "आज मी मेली."

"काय?"

"मेली मी. आता काय करता ते करा." आणि मैदानाबाहेर लिंबाखाली जाऊन शेंगदाणे खात बसल्या. मुली रडकुंडीला आल्या. अर्ध्यात एक कॅमेरा बंद पडला, तेव्हा अश्विनी धावत लिंबापर्यंत गेली.

"ताई, दोन नंबर दिसून नाई राह्यला!"

"मेलेल्या मानसाले कायले विचारतं वो? कार्ड काय म्हनते?"

अश्विनी परत पळाली. सहावं कार्ड काढलं. बॅटरी बदलली. चित्र आलं. मी स्कोअर टाकायला बसायचे, त्यामुळे मला लिंब समोर दिसत होता. मंदाताईंनी तोंडात टाकायचा शेंगदाणा बराच वेळ हातातच धरला होता. चित्र आल्यावर खाल्ला.

त्यानंतर त्या महिन्या-दोन महिन्यांनी न सांगता मरायच्या. म्हणून अश्विनी फोनवर म्हणाली की ताई गेल्या, तेव्हा मी सामना कुठे आहे ते आठवू लागले.

आता नऊ नंबर.

वैष्णवी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, मावशीकडे राहून शिकत होती. वडील प्रल्हादभाऊ इंझोरीचे, थोडी शेती, सोयाबीन-तूर. उंच, सडपातळ पोरगी, चढाईला गेली की समोरच्यांना तिचे पाय दिसायचेच नाहीत. पण लाईव्ह म्हटलं की घरून नकार. प्रल्हादभाऊ स्वतः ग्रंथालयात आले, टोपी हातात घेऊन.

"मॅडम, खेळते त्याचं मले काई नाई. पन मोबाईलवर लोक काय पाह्यतेत, थे मले माहीत हाये. पोट्टी पडते, उठते. गावात मान खाली घालून चालनं मले नाई जमत."

मी त्यांना दुकानात घेऊन गेले. मंदाताईंनी वाद घातला नाही. नऊ नंबरचं कार्ड काढलं आणि मला वाचायला सांगितलं. 'मुलगी पडली, लागलं, कपडा सरकला किंवा फाटला, तर लगेच तीन नंबर दाबा. स्कोअर दिसेल. दहा मोजा. मगच मैदान.' मग प्रल्हादभाऊंनाच मिक्सरसमोर बसवलं. कॅमेरा लावला. आणि स्वतः दुकानाच्या फरशीवर, पन्नाशीची बाई, लुगड्यासकट धाडकन पडल्या.

"दाबा न भाऊ! पडली न मी!"

प्रल्हादभाऊंनी घाबरून तीन नंबर दाबला. पडद्यावर मंदाताई गेल्या, स्कोअर आला.

"मोजा."

त्यांनी मोठ्याने दहा मोजले. दहाला मैदान, म्हणजे फरशी, परत आली तेव्हा मंदाताई उठून पदर नीट करून उभ्या होत्या. प्रल्हादभाऊ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पुन्हा पडा बरं. म्या बरोबर दाबलं का पाह्यतो."

चार वेळा पडल्या त्या. कृषी केंद्रातली गिऱ्हाइकं दारात जमली. चौथ्यांदा पडल्यावर म्हणाल्या, "भाऊ, आता मंजूर करा, नाई त मलेच कंबरपट्टा लागंन." प्रल्हादभाऊ त्या दिवशी हसले. जाताना माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुमचा शब्द धरतो." मी मान हलवली. शब्द माझा, हात मंदाताईंचा, असं ते झालं होतं, आणि मला त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं.

वैष्णवी दीड वर्ष खेळली. नऊ नंबर कितीदा तरी वापरला गेला. प्रत्येक वेळी स्कोअर यायचा, अश्विनी ओठांत मोजायची, दहाला मैदान. मंदाताई पाठीमागे उभ्या असल्या तर घड्याळाच्या काचेवर बोट आपटून त्याही मोजायच्या. बाहेरचे लोक आमच्यावर चिडायचे, ऐन वेळी हे आकडे काय दाखवता म्हणून. मंदाताईंना त्याचं काही वाटायचं नाही. पाहणाऱ्याला काय पाहायचंय ते त्या कधी विचारत नव्हत्या. निदान तोवर.

मालेगावला विभागाच्या महिला सामन्यांची अंतिम फेरी ठरली, तेव्हा शहरातून एक गृहस्थ आले. पाच जिल्ह्यांत मुलींच्या कबड्डीचा हंगाम भरवायचा त्यांच्या कंपनीचा विचार होता. त्यांनी कार्डं पाहिली, बांगड्या पाहिल्या, आणि खरंच थक्क झाले. त्यांचं कौतुक खोटं नव्हतं, हे मला आजही मान्य आहे. मंदाताईंचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. परत येताना जीपमध्ये त्या सारख्या बोलत होत्या. "पाच जिल्हे बाई. चौदा कार्डं त्याहीच्याच हाती. जिथं जाईन तिथं लाल बांगडी लाल बांगडीपाशी. कोन्त्याच पोट्टीची माय बूट पाह्यत बसनार नाई."

अंतिम सामन्याला ते गृहस्थ आमच्या टेबलामागे खुर्ची टाकून बसले. बरोबर त्यांनी एक नवं यंत्र आणलं होतं. झालेला क्षण पुन्हा, सावकाश दाखवणारं. एक पांढरं बटण. आमच्याकडे असं काही नव्हतं, म्हणून त्याचं कार्डही नव्हतं.

शेवटची तीन मिनिटं होती. वैष्णवी चढाईला गेली आणि परतताना तिचा घोटा धरला गेला. चौघी तिच्यावर आल्या. ती रेषेकडे सरकत राहिली आणि ओढाताणीत जर्सी खांद्यापासून खाली फाटत गेली. अश्विनीने तिथल्या तिथे तीन नंबर दाबला. स्कोअर आला. मैदानात मुलींनी वैष्णवीभोवती कडं केलं, कोणीतरी ओढणी फेकली. कार्ड जसं सांगत होतं, तसं सगळं झालं. अश्विनी मोजत होती.

मागून ते गृहस्थ म्हणाले, "ताई, रिप्ले." आवाज चढवलाही नाही. "हेच लोक पाहतात. हे आज चाललं, तर हंगाम तुमचा."

मंदाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. मी त्यांच्यापासून दोन हातांवर होते. मला वाटलं, आता या माणसाला असं काही ऐकवतील की तो खुर्ची उचलून जाईल. मी मनातल्या मनात हसायलाही लागले होते. मंदाताईंनी अश्विनीचं मनगट धरलं, तिचा हात यंत्रावरून उचलून बाजूला ठेवला, जसा जेवताना पोराचा हात ताटातून बाजूला करावा तसा, आणि पांढरं बटण दाबलं.

ते तीनदा दिसलं. सावकाश. तीनदा.

अश्विनी तेव्हा सहापर्यंत आली होती. तिचे ओठ सहावर थांबलेले मला आठवतात.

सामना आम्ही जिंकला, कारण वैष्णवीचा हात रेषेला लागला होता. ते कोणी पाहिलं नाही. संध्याकाळपर्यंत तेवढाच तुकडा कापून लोकांच्या फोनवर फिरू लागला होता. रिसोडला, वाशिमला, आणि अर्थातच इंझोरीला.

दोन दिवसांनी प्रल्हादभाऊ दुकानात आले. वैष्णवी बरोबर नव्हती. मी होते, अश्विनी होती. मंदाताईंनी चहा मागवला. प्रल्हादभाऊ मिक्सरकडे पाहून म्हणाले, "ताई, बटन कोनी दाबलं?"

मंदाताई वायर गुंडाळत होत्या, कोपर आणि तळव्याच्या मधे, फेऱ्यावर फेरा. मग म्हणाल्या, "चुकलं त कार्ड चुकलं, भाऊ. रिप्लेचं कार्डात लिहिलंच नोयतं."

हे खरं होतं. कार्डात ते नव्हतं. ज्या वाक्याने त्यांनी मला कधी वाचवलं होतं, साऱ्या मुलींना वाचवलं होतं, ते वाक्य तेच होतं, शब्दही तेच. अश्विनीने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या कार्डाकडे पाहिलं. अक्षर माझं होतं.

"कार्ड कोनी लिवलं?" प्रल्हादभाऊंनी विचारलं.

"मी," मी म्हणाले. दुसरं वाक्य मला सुचलं नाही. म्हणजे सुचलं होतं. म्हटलं गेलं नाही.

ते माझ्याकडे वळले. रागाने नव्हे. "मॅडम," ते म्हणाले, "बटन म्या सोता दाबून पाह्यलं होतं." आणि चहा न घेता उठले. वैष्णवी त्यानंतर मैदानावर आली नाही. तिचं नाव महाविद्यालयाच्या हजेरीत काही दिवस राहिलं, मग तिथूनही गेलं.

ते गेल्यावर अश्विनी हळूच म्हणाली, "बाई, माहा हात त्याहीनं उचलून ठेवला." मी म्हणाले, "मी पाहिलं." आम्ही दोघी दुकानातच होतो, मंदाताईंपासून चार पावलांवर. त्यांनी ऐकलं असणार. वायरीचा फेरा चुकला नाही.

खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात बसून नऊ नंबरचं कार्ड पुन्हा लिहिलं. 'रिप्ले दाखवायचा नाही,' ही ओळ घातली. चूक माझीच असेल, असं मला दिवसभर वाटत राहिलं. इतकी त्यांच्या वाक्याची सवय झाली होती. कार्ड घेऊन दुकानात गेले. त्यांनी ते वाचलं, जुनं काढून नवं कडीत ओवलं आणि म्हणाल्या, "आता बरोबर झालं."

त्या "बरोबर झालं"वर मला जाग आली.

"मंदाताई," मी म्हणाले, "कार्ड चुकलं नव्हतं."

त्यांनी वर पाहिलं नाही. "एकदाच त झालं बाई." मग, "पाच जिल्ह्यांतल्या पोट्ट्या दिसतीन आता. एकीसाठी..." हे वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, आणि मी त्यांना पुरं करू दिलं नाही. एकदा झालं तर नशीब म्हणणारी बाई हीच होती. मी माझा संच पिशवीत घातला आणि बाहेर पडले. पायात चपला घालायला मला वेळ लागला, तेवढ्यात त्यांना हाक मारायची असती तर मारू शकल्या असत्या.

हंगाम भरला. कंपनीने आपली माणसं आणली. मंदाताई एक वर्ष त्यांची टोपी घालून मैदानाच्या कडेला उभ्या दिसायच्या. काम काय होतं ते कोणालाच नीट माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी टोपीही दिसली नाही. एकदा त्या हंगामातला एक सामना मी मोबाईलवर पाहिला. चित्र फार सुंदर होतं, पाच-सहा कॅमेरे. मुलींची नावं होती, गावं होती. आयांची नावं नव्हती. मुलगी पडली की ते जवळून दाखवत, आणि पुन्हा दाखवत.

आमच्या मुलींनी माझ्याकडचा संच मागून घेतला. अश्विनीने दुसऱ्या महाविद्यालयाच्या मुली जमवल्या, बांगड्या नव्याने आणल्या. लहान सामने, गावोगावचे. नऊ नंबरमध्ये माझी नवी ओळ आहे, ती मी माझ्या संचातही घातली होती. मंदाताईंना मुलींनी बोलावलं नाही. आणि त्या आल्या नाहीत. एका गावात राहून आम्ही बाजारात समोरासमोर यायचो. त्या विचारायच्या, "चार्जिंग हाये का, बाई?" मी म्हणायचे, आहे. यापुढे बोलणं दोन वर्षांत कधी गेलं नाही.

शेवटचं मी त्यांना पाहिलं वाशिमच्या एसटी स्टँडवर, दुपारी. मी रिसोडच्या गाडीची वाट पाहत होते. त्या डायलिसिस करून परत चालल्या होत्या, हे मला मागाहून कळलं. बाकावर माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. खांदे तेवढे रुंद राहिले नव्हते. हाताला पट्टी, घड्याळ तसंच, मनगटाच्या आत. मांडीवर मोबाईल. मी मागे उभी राहिले तेव्हा मला पडदा दिसला. आमच्याच मुलींचा सामना चालला होता. कुठल्याशा गावचं मैदान, कडेला कापसाची गाडी.

एक मुलगी पकडली गेली आणि पडली. चित्र गेलं. स्कोअर आला.

मंदाताईंचं बोट घड्याळाच्या काचेवर आपटू लागलं. एक. दोन. तीन. मी मागे उभी राहून त्यांच्याबरोबर मोजत होते, ते मला सहावर थबकल्यावर कळलं. त्यांचं बोट सहावर थांबलं होतं. काचेपासून जरासं वर, तसंच. पडद्यावर आकडे होते, तिकडे कुठेतरी अश्विनी ओठांत सात म्हणत असणार, आठ, नऊ. बोट खाली आलं नाही.

मैदान परत आलं. मुलगी उठून उभी होती, ओढणी नीट, खेळायला तयार.

रिसोडची गाडी लागली. लोक उठले. मी त्यांच्या बाकाला वळसा घालून पुढच्या दाराने चढले आणि खिडकीशी बसले. त्या चढल्या नाहीत. गाडी निघाली तेव्हाही त्या मोबाईलकडे पाहत होत्या, सामना संपल्याशिवाय न उठणाऱ्या माणसासारख्या. हाक मारायला मला खिडकीची काच सरकवावी लागली असती.